खाडीतल्या पाणमांजरांची सोडणी: कामाच्या नोंदी

खाडीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. मालवण आणि देवगडच्या मधली एक, एवढं पुरे. नोंदी ठेवल्या त्या पुढे कुणावर हे काम आलं तर त्यांनी आमच्याच चुका पुन्हा करू नयेत म्हणून. पाणमांजर हा संरक्षित प्राणी आहे. वनविभागाला कळवल्याशिवाय पिल्लू उचलणं, घरी ठेवणं, सोडणं, यातलं काहीही कायद्यात बसत नाही.

9 जानेवारी

कोळंबीच्या तळ्याचा बांध जेसीबीने उकरताना बीळ फुटलं. मोठी जनावरं पाण्यात गेली, तीन पिल्लं मातीत राहिली. फोनवर निरोप आला तो 'उदमांजराची पिल्लं' असा. उदमांजर म्हणजे झाडावरचं काळमांजर, आणि अशा निरोपावर निघालं की दर वेळी काय सापडेल ते सांगता येत नाही. यापुढे फोनवर दोनच प्रश्न विचारायचे: बोटांना पडदे आहेत का, आणि शेपूट बुडाशी जाड आणि पुढे चपटी आहे का.

पहिली चूक इथेच झाली. त्याच संध्याकाळी पिल्लं टोपलीत घालून फुटक्या बिळाजवळ ठेवायला हवी होती. माणसं आणि यंत्र हटलं की मादी रात्री परत येण्याची शक्यता असते. पण तोवर पिल्लं चार तास एका मांगरात (शेतातल्या खोपटात) होती आणि त्यांना गाईचं दूध पाजून झालं होतं. दुसऱ्या रात्री टोपली ठेवली, मादी आली नाही. पहिली रात्र वाया गेली ती गेलीच.

वजनं: 720, 780 आणि 840 ग्रॅम. डोळे उघडलेले. दोन नर, एक मादी.

11 जानेवारी

तिघांनाही जुलाब. गाईच्या दुधातली साखर यांना पचत नाही, शिवाय पाणमांजराचं दूध त्याहून कितीतरी स्निग्ध असतं. बारा तास फक्त ओआरएस, मग कुत्र्याच्या पिल्लांची दूधपावडर, आधी निम्म्या ताकदीची, तिसऱ्या दिवशी पूर्ण. दिवसभरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा.

पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली पुसायचं, नाहीतर लघवी तुंबते. खोक्यात 28 ते 30 अंश. बल्ब एकाच कोपऱ्यात लावायचा, म्हणजे ऊब नको असली तर पिल्लाला सरकायला जागा राहते.

24 जानेवारी

माशाचा लगदा सुरू. काळुंदर आणि बोय, काटे काढून. बांगडा उग्र वाटतो की काय, तिघांनीही तोंड फिरवलं.

पिल्लं आता शिट्टी घालतात. माणसाची चाहूल लागली की एकदम तिन्ही शिट्ट्या. ऐकायला गोड, पण कामाच्या दृष्टीने वाईट. पाणमांजर कळपात राहणारं जनावर आहे. कळप नसला की समोर दिसेल त्याला कळप मानतं. आजपासून एकच माणूस, तोंडावर फडकं, बोलणं बंद, गोंजारणं बंद. पाहुण्यांना पूर्ण मज्जाव. गावातले दोन पुढारी फोटो काढायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

4 फेब्रुवारी

टबात बोटभर पाणी. पिल्लं घाबरली. पाणमांजराला पोहणं उपजत येतं हा गैरसमज आहे. मादी मानगूट धरून पाण्यात नेते तेव्हा ती शिकतात. टबात चपटा चिरा (जांभ्याचा दगड) ठेवला, अर्धा पाण्याबाहेर. चौथ्या दिवशी धीट नर आपण होऊन उतरला, मग बाकीची दोघं.

पाण्यातून आल्यावर कोरडं होणं हे पोहण्याइतकंच महत्त्वाचं. लव भिजून अंगाला चिकटली तर थंडी भरते. टॉवेलने पुसू नये. कोरडी वाळू आणि गवत दिलं की स्वतःच लोळून घेतात.

10 फेब्रुवारी

सोडणीआधी पिल्लं ठेवायच्या कुंपणाच्या आवाराची जागा. चार गोष्टी हव्या होत्या: खाडीचा काठ, जवळ गोडं पाणी, वाडीपासून अंतर आणि होडीने सामान नेता येईल अशी उतरण. गोडं पाणी विसरू नका. खारं पाणी लवेत सुकलं की लवेची ऊब जाते, म्हणून खाऱ्या पाण्यात शिकार करणाऱ्या पाणमांजरांना अंग धुवायला गोडं पाणी लागतं. व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाजवळची खाजणाची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची, पट्टी पसंत केली. जवळपास मगरी असल्या तर काय, हा प्रश्न आमच्याकडे आला नाही. चिपळूणला मगरी असलेल्या वाशिष्ठी नदीवर काम करणाऱ्यांना तो आधी सोडवावा लागेल.

19 फेब्रुवारी

बारा खांब रोवून झाल्यावर कुणीतरी पट्टी टाकली. तिवराच्या शेवटच्या झाडापासून 38 मीटर. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम चालत नाही. आम्ही अंतर भरतीच्या रेषेपासून मोजलं होतं, झाडांपासून नाही. सगळे खांब उपटले. नऊ दिवस आणि मजुरीचे 11,400 रुपये पाण्यात. नवी जागा 15 मीटर मागे आणि थोडी चढावर. पुढे तीच बरी ठरली, पण ते आमच्या हुशारीने नव्हे.

6 मार्च

कागद. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 12 खाली अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण सोडणीच्या जागेचा नकाशा जोडला होता, पण आवाराचा नव्हता. तीन आठवडे गेले. पिल्लं हाती आली त्याच आठवड्यात अर्ज टाकायला हवा होता. 'आधी जगतात का बघू' असा विचार केला आणि तो महाग पडला.

14 ते 30 मार्च: कुंपण

आवार 20 बाय 12 मीटर, घेर 64 मीटर. दोन इंची चौकोनाची, 3 मिलिमीटर तारेची वेल्डमेश जाळी, कोल्हापूरहून. गुंडाळी दीड मीटर रुंद, 15 मीटर लांब. दोन ओळी एकावर एक, म्हणून दहा गुंडाळ्या. दर 4,600, एकूण 46,000. वाहतूक वेगळी. खांब दीड इंची जीआय पाईप, दर दोन मीटरला एक, एकूण 32.

दोन ओळींची मिळून तीन मीटर जाळी, त्यातली 10 सेंटीमीटर जोडात गेली. उरलेली अशी वाटली: जमिनीवर 1.8 मीटर, वरती आत झुकलेला अर्धा मीटर, आणि खाली 60 सेंटीमीटर. खालचा भाग उभा पुरायचा नाही. 20 सेंटीमीटर खाली आणि 40 सेंटीमीटर आतल्या बाजूला आडवा वळवायचा, वर चिरे. पाणमांजर कुंपणाला चिकटूनच उकरतं. तिथेच आडवी जाळी लागली की सोडून देतं. उभी पुरलेली जाळी ते सरळ खालून काढतं.

जांभ्यात खड्डे घेणं हे वेगळंच प्रकरण. कुदळीने दिवसाला तीन, ब्रेकर मशीन भाड्याने आणल्यावर चौदा. पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं.

बांधायची तार मात्र साधी घेतली. त्याचं फळ जुलैमध्ये.

2 एप्रिल: तळं

4 बाय 3 मीटर, 90 सेंटीमीटर खोल, म्हणजे 10,800 लिटर. जांभा चाळणीसारखा असतो हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी 'तळाला चिकण माती लागली' म्हणून तसंच पाणी भरलं. सकाळी गुडघाभर उरलं. मग सिल्पोलिनचा (जाड प्लास्टिकचा) कागद. आठव्या दिवशी नखांनी तीन ठिकाणी फाटला. शेवटी चिरे आणि सिमेंटचा गिलावा. नवं सिमेंट पाणी अल्कधर्मी करतं, डोळे आणि पंजे भाजतात, म्हणून तळं तीनदा भरून तीनदा सोडून दिलं आणि चौथं पाणी ठेवलं. एका बाजूला उतार, त्यावर वाळू. चार इंची निचरा. दोन इंची घेतला तर माशांच्या खवल्यांनी तुंबतो.

4 एप्रिल

चौथं पिल्लू. दुसऱ्या खाडीतून, जाळ्यात अडकलेलं, मादी, वजन 2.6 किलो. आमच्या तिघांपेक्षा मोठी आणि माणसाला पक्की घाबरणारी. यासारखी चांगली गोष्ट नाही.

6 एप्रिल

घाई केली. दोन दिवस तब्येत बघून तिला थेट तिघांत सोडलं. अर्ध्या मिनिटात धीट नराचा पुढचा पंजा फाटला, चार टाके. चूक पूर्णपणे आमची.

मुळात दोन दिवस हे विलगीकरणच नाही. बाहेरून आलेलं जनावर किमान 21 दिवस वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या चपलांच्या माणसाकडे असायला हवं. नशिबाने आजार आला नाही, जखम आली.

8 ते 27 एप्रिल: जुळवणी

आधी 15 दिवस पूर्ण वेगळं ठेवलं, फक्त वासाची देवाणघेवाण. तिच्या अंथरुणातलं गवत तिघांकडे, तिघांचं तिच्याकडे, रोज सकाळी. दक्षिण आफ्रिकेत रानकुत्र्यांचे कळप जुळवताना बेशुद्ध केलेल्या जनावरांची अंगं एकमेकांवर घासतात, वास एक व्हावा म्हणून. आमच्याकडे भूल देणं परवडणारं नव्हतं, गवताने तेच काम हळू झालं. मग एक इंची जाळीच्या दोन बाजूंना ठेवलं. जाळी लहान चौकोनाची हवी, नाहीतर पंजे आरपार जातात. पहिले दोन दिवस फिस्कारणं, तिसऱ्या दिवशी चौघंही जाळीला पाठ लावून झोपली. 27 तारखेला मधली जाळी काढली, सोबत मासे चार ढिगांत टाकले. एका ढिगात टाकले असते तर भांडण ठरलेलं.

ब्रिटनमध्ये 1983 पासून पाणमांजरं सोडली गेली, त्याची माहिती बरीच मिळते. पण ती जात एकटी राहणारी. तिथलं कुंपण, तिथला आहार कामाला येतो. जुळवणीबद्दल तिथून काही शिकायला मिळत नाही. आपल्या पाणमांजरात कळप जुळला नाही तर सोडणी करूच नये. एकटं सोडलेलं जनावर लोकांच्या होडीमागे शिट्ट्या घालत फिरतं आणि आठवड्यात कुत्र्यांच्या तावडीत सापडतं.

5 मे

अमावस्येनंतरच्या उधाणाला पाणी कुंपणाच्या आत हातभर. जागेची उंची आम्ही भांगात, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, मोजली होती. अष्टमीच्या भरतीला काठ कोरडा दिसतो, त्यावर विश्वास ठेवला. पिल्लांना काही झालं नाही, उलट मजा वाटली. पण आवारात बांधलेल्या बिळात पाणी शिरलं, पेंढा भिजला, दोन रात्री चौघं उघड्यावर. बिळं चिऱ्यांच्या दोन थरांवर उचलून बांधली, तोंड खाडीकडे न ठेवता उताराच्या बाजूला.

16 मे: तारली

हे सगळ्यांनी नीट वाचावं.

मालवणच्या लिलावात तारली स्वस्त मिळाली, म्हणून तीन आठवडे जवळजवळ तीच घातली, फ्रीजरमधली. 13 तारखेपासून धाकट्या नराची भूक कमी. 15 ला चाल डगमगली, मागचे पाय ओढू लागला. आधी विंचू किंवा साप चावला असं वाटलं. पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, काय खायला घालता? तारलीसारख्या माशांत थायमिनेज असतं, ते ब-1 जीवनसत्त्व मोडतं. गोठवून ते मरत नाही, उलट साठवणीत उरलंसुरलं ब-1 पण जातं. इंजेक्शनने दुसऱ्या दिवशी उठून बसला, चौथ्या दिवशी पोहला.

तेव्हापासून दर किलो माशामागे 25 ते 30 मिलिग्रॅम थायमिन, गोळी कुटून पहिल्या माशाच्या गालफडात. शिवाय ई जीवनसत्त्व. तारली आठवड्यातून एकदाच. बाकी बोय, काळुंदर, शेंगटी (काटा मोडून), कुर्ल्या. मासा जितक्या प्रकारचा, तितका धोका कमी.

31 मे

उद्यापासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, 61 दिवस. चार तोंडं, दर तोंडी दिवसाला 800 ग्रॅम, म्हणजे 195 किलो. एक 300 लिटरचा फ्रीजर होता. त्यात 160 किलो कसेबसे बसले.

23 जून

वीज 31 तास गेली. वरचा थर पाणी पाणी. सुमारे 60 किलो मासा पुरला. वास येत नव्हता म्हणून कुणी 'पुन्हा गोठवू' म्हणालं. नाही. विरघळलेल्या बांगड्यात हिस्टामिन वाढतं आणि ते वासाने कळत नाही, शिजवूनही जात नाही. नुकसान सुमारे 9,000 रुपये. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते. वाडीतल्या दोन पागवाल्यांशी (फेकजाळ्याने मासे धरणाऱ्यांशी) रोज दोन किलोचं ठरवलं. हे मेमध्येच ठरलं असतं तर फ्रीजरची एवढी गरज नव्हती.

2 जुलै

साध्या बांधणीच्या तारा गंजून तुटल्या. जाळी शाबूत, खांब शाबूत, आणि दोघांमधली गाठ हातात भुगा. वायव्य कोपऱ्यात जाळी वाऱ्याने लोंबत होती. रात्री भर पावसात कंदील घेऊन 140 गाठी स्टेनलेसच्या तारेने पुन्हा मारल्या. चार किलो तार लागली. खारी हवा आधी सर्वांत बारीक लोखंड खाते.

19 जुलै

पेंढ्याला बुरशी. एका मादीला शिंका. पेंढा बंद, सुकलेली केळीची पानं आणि वाळू, दर तिसऱ्या दिवशी बदल. बिळाला वरून पत्रा आणि त्यावर झाप (माडाच्या पात्यांची विणलेली चटई), हवा खेळेल अशी फट ठेवून.

12 ऑगस्ट ते सप्टेंबर: जिवंत मासा

तळ्यात जिवंत चिलापी सोडली. पहिले पाच दिवस शून्य. काठावर बसून शिट्टी घालत आयत्या माशाची वाट बघणं. आयता मासा निम्मा केला. सातव्या दिवशी मोठ्या मादीने पहिला पकडला. जाळ्यातून आलेली होती, आईकडून थोडं शिकली असावी. बाकी तिघं तिच्या मागे. दोन आठवड्यांत चौघं मिळून मासा कोपऱ्यात दाबू लागली. हे माणूस शिकवू शकत नाही. तिच्यासाठी खाल्लेले चार टाके वसूल झाले.

पुढची पायरी गढूळ पाणी. खाडीत स्वच्छ पाणी कुठे असतं? तळ्यात गाळ ढवळून टाकला, मुळं आणि पाईपचे तुकडे घातले. मासा पकडण्याचं प्रमाण पहिल्या आठवड्यात निम्म्यावर आलं, मग सुधारलं.

आयता मासा आता हाताने नाही. झापाच्या आडोशामागून चार इंची पीव्हीसी पाईपमधून घरंगळत, वेळा बदलत. एकाच वेळी घातलं की त्या वेळेला माणसाची वाट बघतात.

सप्टेंबर–ऑक्टोबर: कुत्री

डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा तो जीवघेणा ताप, पाणमांजराला लागतो. पाणमांजरालाच लस देऊ, हा विचार आमचाही होता. पण कुत्र्यांसाठीची जिवंत विषाणूची लस या कुळातल्या प्राण्यांत कधी कधी आजारच उत्पन्न करते. म्हणून लस कुत्र्यांना. तीन वाड्यांत 46 कुत्री मोजली. पहिला डोस 33 ना, तीन-चार आठवड्यांनी दुसरा 24 ना. पकडायला सकाळी सहाची वेळ बरी, कुत्री घरी असतात. दुपारी अर्धी खाडीवर.

इथली चूक: त्याच कुत्र्यांसाठी आणलेल्या रेबीजच्या लसीचे डबे शीतपेटीत बर्फाच्या थेट वर ठेवले. काही गोठले. गोठलेली रेबीजची लस वाया. 2 ते 8 अंश म्हणजे 2 ते 8, शून्य नाही. बर्फ आणि डबे यांच्यामध्ये पुठ्ठा हवा. 14 डोस फेकले.

28 ऑक्टोबर: जाळी

खुंट्यांना बांधलेल्या जाळ्यांत पाणमांजर शिरलं तर दोन मिनिटं-चार मिनिटं, मग बुडतं. शिवाय फाटलेलं जाळं हा भांडणाचा खरा मुद्दा, आणि लोकांचं म्हणणं चुकीचं नाही. ठरलं ते असं: आवारापासून दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर खुंट्यांचं जाळं सहा महिने लावायचं नाही, बदल्यात मासा आम्ही बाजारभावाने त्याच घरांकडून घ्यायचा. फाटलेल्या जाळ्याचं सूत आमचं, विणणं त्यांचं. बैठकीत एका जाणत्या बाबांनी विचारलं, ''हुदाक जागा दिलास, माशाक जागा खंय?'' (पाणमांजराला जागा दिलीत, माशाला जागा कुठे?) उत्तर देता आलं नाही. कोळंबीच्या तळ्याचा मालक बैठकीला आला नाही.

9 नोव्हेंबर: कॅमेरे

गळपट्ट्याचा ट्रान्समीटर पाणमांजराला चालत नाही. मान डोक्याएवढीच जाड, पट्टा निघून येतो. पोटात शस्त्रक्रियेने बसवता येतो, पण खाऱ्या पाण्यात रेडिओची लहर पोचत नाही. त्यामुळे कॅमेरे आणि लेंड, म्हणजे विष्ठा.

पहिले तीन कॅमेरे पाण्याच्या काठावर लावले. 11 दिवसांत 2,600 चित्रं. खेकडे, लाटा, तिवराची हलणारी फांदी. पाणमांजर शून्य, जरी चिखलात ठसे होते. पाण्यातून आलेलं ओलं अंग थंड असतं, उष्णता ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला ते दिसतच नाही. कॅमेरा लोळण्याच्या वाळूवर आणि लेंडाच्या जागी लावायचा, कोरडं होईपर्यंत थांबतात तिथे. उंची 35 सेंटीमीटर, तोंड उत्तरेला, पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. डब्यात सिलिका जेलची पुडी, नाहीतर काच आतून धुरकटते. भरतीची उंची उधाणातच मोजून घ्यायची. हा धडा आम्ही आता दोनदा गिरवला.

3 डिसेंबर

वजनं 6.1, 6.4, 5.8 आणि 7.2 किलो. रक्त तपासलं, मायक्रोचिप घातल्या. चौघांना पिंजऱ्यात घेताना पाईपवाल्या माणसाने शिकवलेली सवय उपयोगी पडली: मासा पिंजऱ्यातच घरंगळवला.

12 डिसेंबर: दार

पाण्याला ओढ कमी. संध्याकाळी पाच वाजता, होड्या लागून गेल्यावर. दाराची दोरी 30 मीटर लांबून ओढायची. पहिल्यांदा ओढली तर दार अर्ध्यावर अडकलं, खाचेत वाळू बसलेली. माणूस पुढे जाऊन हाताने उघडलं असतं तर दहा महिन्यांची काळजी पाण्यात गेली असती, म्हणून दोरी सैल करून पुन्हा झटका. तिसऱ्या झटक्याला उघडलं. खाचा आदल्या दिवशी धुवायच्या.

दोन तास कुणी बाहेर आलं नाही. सात वाजून दहा मिनिटांनी मोठी मादी, मग एक एक करून बाकीची. दार उघडंच ठेवलं.

13 ते 24 डिसेंबर

दर रात्री पाईपमधून मासा, आधी पूर्ण, मग दर तिसऱ्या दिवशी चौथा हिस्सा कमी. नऊ रात्री चौघं बिळात परत. दहाव्या रात्री तीन. धाकटा नर, तारलीवाला, पुन्हा दिसला नाही. आजूबाजूला चार दिवस होडीने शोधलं, जाळी बघितली, ना ठसे ना देह. कुत्र्यांनी नेला, जाळ्यात बुडाला की दुसरीकडे गेला, सांगता येणार नाही. त्याच्या वजनाकडे पुन्हा पाहता तोच सर्वांत हलका होता. त्याला महिनाभर थांबवायला हवं होतं, आणि त्यासाठी सगळ्यांनाच थांबवावं लागलं असतं.

19 जानेवारी

तिघांची लेंडं आवारापासून दीड किलोमीटरवर, जुन्या जांभ्याच्या खडकावर. धुऊन बघितली: खवले, बोयचे मणके, कुर्लीचं कवच. आयता मासा 2 जानेवारीपासून बंद आहे. एका व्हिडिओत कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर तिघं लोळताना. मालकाला आपणच आधी जाऊन सांगितलं. त्याने बांधावर दोन विजेच्या तारा ओढायचं ठरवलं होतं. घरगुती वीज थेट तारेत सोडणं बेकायदेशीर आणि माणसालाही मारणारं आहे. त्याऐवजी बॅटरीवरचा झटका देणारा संच, तारा जमिनीपासून 15 आणि 30 सेंटीमीटरवर. अर्धा खर्च आमचा.

7 फेब्रुवारी

दार अजून उघडं. कुंपण काढायचं नाही असं ठरलं, पुढची पिल्लं कधी येतील सांगता येत नाही. खांबांच्या बुडाशी गंज सुरू, जमिनीलगत वीतभर डांबर फासायचं काम पावसाआधी. तळ्याचा निचरा खवल्यांनी तुंबलाय, चार इंची असूनही. कॅमेरा 2 ची बॅटरी बदलायची. पागवाल्यांचा डिसेंबरचा हिशेब द्यायचा राहिलाय, 3,850 रुपये.